तळ्यातली गाठ

हातमोज्यांचं खोकं उघडलं तेव्हा कळलं, सगळे डाव्या हाताचे.

*

जाळ्याची, लाल रंग दिलेली तीन बुचं. वीटभट्टीवाल्याच्या खोलीत, खिडकीच्या कठड्यावर, ओळीने मांडलेली. धूळ बसली तरी कुणी हात लावायचा नाही.

*

कच्च्या विटेला पाणी लागलं की ती फुटत नाही. ती बसते. दमलेलं माणूस दारातच बसावं, तशी आहे तिथेच बसते.

*

"दोर मी बांधला होता," सासू म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

*

वाटेवर काटेरी फांद्या, त्यावर एक मोडकी खाट, आणि कुणी उडी मारून जाऊ नये म्हणून खाटेवर पुन्हा काटे.

*

नदीकाठची माणसं खुंटाला दोराचे दोन वेढे देतात आणि मोकळ्या टोकाचं शेपूट बाहेर ठेवतात. पाणी चढलं की एका हिसक्यात गाठ सुटावी, जाळं मोकळं व्हावं. तळ्याकाठची माणसं तीन वेढे देतात आणि शेपूट खालून आत घालतात. ती गाठ सुटत नाही, कापावी लागते. पण वाहत्या पाण्यात ती टिकते का, हे कुणी बघितलं नव्हतं, कारण नदीवर ती कुणी मारत नव्हतं.

*

सून तळ्याकाठची होती.

*

ओलं जाळं डोक्यावर घेतलं की पहिलं पाणी कानामागून येतं. मग मानेवरून पाठीत, आणि वाट लांबची असेल तर कमरेपर्यंत. जवळच्या वाटेने घर आलं की पाणी पाठीपर्यंतच पोचलेलं असायचं. पण जवळची वाट भट्टीवाल्याच्या जमिनीतून जायची आणि पावसाळ्यापासून ती बंद होती. आता नदीवरून घरी यायचं तर पुलावर चढायचं, शिंप्याच्या दुकानासमोरून बाजारपेठ ओलांडायची आणि मागच्या गल्लीतून परत खाली उतरायचं. घरी पोचेपर्यंत सुनेचे कपडे अंगाला चिकटलेले असत.

"काय वहिनी, आजही आंघोळ कपड्यांसकट?" शिंपी मशीनवरून मान वर न करता विचारायचा.

"तुमच्याकडचे कपडे, टेलरभाऊ. धुवून बघत असते, शिवण टिकते का."

सून हसून सांगायची. पुढच्या वळणावर मात्र हसू गळून जायचं आणि दात वाजायला लागायचे. हिवाळा सुरू झाला होता. नदी गुडघ्याखाली आली होती आणि पाणी हाडाला लागत होतं.

घरात माणसं तीन. सासू, तिचा मुलगा, ही सून. सासू जाळी विणायची; गावात विकायची ती आणि घरची ती, दोन्ही तिच्याच हातची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या बोटांचे सांधे सुजले आणि सुई हातात राहीना. तेव्हापासून विणकाम सुनेकडे आलं, दोर बांधणं सुनेकडे आलं. सासू उंबऱ्यात बसून नुसती बघायची आणि मधूनच म्हणायची, "ओढून घे. जाळं आहे, स्वेटर नाही."

मुलगा सकाळी नदीवर आणि उरलेला दिवस भट्टीवर, असं पावसाळ्याआधी चालायचं. साचे भरायला त्याच्याइतका चपळ हात भट्टीवर दुसरा नव्हता. आता तो सायकल मारत लांबच्या खाणीवर जात होता आणि येताना केसांत दगडाची पांढरी भुकटी घेऊन येत होता. "बघ, म्हातारा झालो तुझ्या आधी," तो आईला म्हणायचा. ती हसायची नाही.

या सगळ्याला कारण तो पूर.

पुरात पुलाची कमान तुंबली. पाणी मागे फिरलं आणि भट्टीवाल्याच्या मैदानात शिरलं. तिथे वाळत घातलेल्या कच्च्या विटा रांगेने उभ्या होत्या. सकाळी रांगा नव्हत्या, नुसता लाल चिखल होता, सपाट, न्हाऊन-माखून बसलेला. त्याच दिवशी भट्टीवाल्याला पुलाच्या कठड्यापाशी तीन लाल बुचं अडकलेली सापडली. बुचांना लाल रंग देणारं घर गावात एकच.

तो ती हातात घेऊनच यांच्या दारात आला होता. गल्लीतली सगळी दारं उघडली.

"तुमचं मोठं जाळं सुटलं. कमानीत जाऊन बसलं. पाणी तुंबलं आणि माझा अख्खा माल गेला. बांधता येत नसेल तर नदीत टाकता कशाला?"

मुलगा पुढे झाला. "दादा, पुरात काय काय वाहून येतं. आमचंच कशावरून?"

"मग दाखव ना तुझं जाळं. कुठे आहे?"

जाळं नव्हतं. पहाटेच दोघे नवरा-बायको समोरच्या काठावरून बघून आले होते. वळणावर जिथे खुंट होता तिथे खुंट नव्हता. खुंट राहू दे, काठच नव्हता. दरड खाली आली होती आणि तिच्यावरून पाणी धावत होतं.

जाळं कुणी बांधलं हे आता विचारतील, मग सांगू, असं सुनेने ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला.

"दोर मी बांधला होता."

मुलगा वळला. "तू? त्या बोटांनी? आई, कशाला गेलीस? हिला सांगायचं ना!"

"वाटलं जमेल."

"वाटलं जमेल," भट्टीवाला म्हणाला आणि बुचं खिशात घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी वाटेवर काटे पडले.

*

सासूला खरंच आठवत नाही, असं सून धरून चालली होती. वय झालंय, दिवसांचा घोटाळा होतो. बोटं सुजण्याआधी कधी बांधला असेल, तोच डोक्यात बसला असेल.

कारण दोर सुनेने बांधला होता. पुराच्या आदल्या संध्याकाळी अंधारून आलं होतं, नवरा अजून भट्टीवरच होता, आणि घाईत तिच्या हातांनी जे केलं ते तिच्या डोक्याला नंतर कळलं. तीन वेढे. शेपूट आत. लहानपणापासून बाप करायचा तसं. घरी येऊन भांडी घासताना तिला एकदम आठवलं आणि राखेचा हात तसाच हवेत राहिला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्यासमोर ती गाठ मारली होती, तेव्हा तो पोट धरून हसला होता. "ही तळ्यातली गाठ! तळ्यात पाणी झोपलेलं असतं गं. इथे ते रात्रंदिवस दोर चघळतं. चार दिवसांत सैल होईल आणि जाळं जाईल तुझ्या माहेरी!"

तेव्हा तीही हसली होती.

आता रोज मुलगा आईवर चिडायचा. मोठं काही नाही. "आई, ते कढईचं झाकण तू नको उचलू." "आई, दोराला हात लावू नको, एकदा लावलास तेवढा पुरे." सासू हात मागे घ्यायची. आणि सून चुलीत लाकूड सारत राहायची, लाकूड नको असलं तरी. पहिल्या दिवशी एक वाक्य होतं, सांगून टाकलं असतं तर सुटलं असतं. आता त्या वाक्यावर दिवस चढत गेले होते आणि ते उचलायला तिच्या एकटीच्या अंगात बळ राहिलं नव्हतं.

*

सेवेचा दिवस जाहीर केला शाळेतल्या बाईंनी. दरवर्षी त्या दिवशी शाळेचं अंगण झाडायचं आणि चहा पिऊन घरी जायचं, एवढंच होतं. या वर्षी बाई चौकात बाकावर उभ्या राहिल्या.

"या वेळी नदी. श्रमदान. पुलाची कमान मोकळी करायची, वरचं वळण साफ करायचं. नाहीतर पुढच्या पुरात शाळा पोहायला लागेल."

"बाई, पाणी गार आहे," सलूनवाला म्हणाला.

"तुमच्याकडे गरम पाणी असतं ना, घेऊन या."

माणसं हसली. रेडिओकाकू सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्यांना रेडिओ म्हणायचे कारण त्या बंद व्हायच्या नाहीत आणि सकाळची बातमी त्यांच्याकडे सकाळच्याही आधी असायची.

भट्टीवाला गर्दीच्या कडेला उभा होता. तो म्हणाला, "चांगलं आहे. होऊन जाऊ दे. कमानीखाली काय आहे ते एकदा गावाला दिसू दे." मग त्याची नजर या तिघांवर आली. "मावशी, तुमच्या समोर सांगतो. जाळं निघालं तर ती वाट कायमची बंद. पक्की भिंत घालीन. आणि नाही निघालं—"

"नाही निघालं तर?" सासूने विचारलं.

एवढा पुढचा विचार त्याने केलेला नव्हता. "नाही निघालं तर काटे मी माझ्या हाताने काढीन."

"बाई, ऐकलंत?" सासू म्हणाली.

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

रेडिओकाकूंनी ऐकलं म्हणजे गावाने ऐकलं.

घरी येताना सून म्हणाली, "आई, आपण नाही गेलो तर? माझ्या अंगात कसकस आहे."

"नाही गेलो तर म्हणतील, घाबरले."

"म्हणू देत."

सासू चालता चालता थांबली. तिने सुनेच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. पुढच्या बाजूला आता नीट कळायचं नाही. "थंड आहे," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

*

तर, हातमोजे.

कुठल्याशा दुकानदाराने फुकट दिले होते. फुकट का, ते खोकं उघडल्यावर समजलं. बाईंनी एक बाहेर काढला, दुसरा काढला, मग खोकं पालथं केलं.

"उजव्या हाताचे कुठायत?"

"दुसऱ्या गावाला दिले असतील," शिंपी म्हणाला. "तिथे बसलेत बिचारे, डावे शोधत."

शेवटी सगळ्यांनी दोन्ही हातांत डावेच घातले. उजव्या हाताचा अंगठा भलत्याच बाजूला ओढला जायचा. सासूने घातले नाहीत. तिची बोटं कुठल्याच मोज्यात सरळ जात नव्हती. ती काठावर दगडावर बसली आणि म्हणाली, "मी बघते. बघायलाही माणूस लागतं."

सकाळचं ऊन पाण्यावर नुकतं आलं होतं. पुलाला कमान एकच, बुटकी, जाड दगडांची. तिच्या तोंडात गाळ, फांद्या, चिंध्या, सगळं एकमेकांत विणल्यासारखं बसलं होतं आणि पाणी त्याच्या कडेकडेने चोरासारखं जात होतं. मुलगा उघड्या अंगाने आत शिरला. हातात लोखंडी आकडा, आकड्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसांकडे. तो आत आकडा अडकवायचा आणि ओरडायचा, "ओढा!"

सून दोर ओढणाऱ्या रांगेत होती. तिच्या पुढे सलूनवाला, मागे रेडिओकाकू. रांगेच्या शेवटी भट्टीवाला, टाचा रोवून. जे येईल ते ट्रॉलीत टाकायला शिंपी.

पहिल्या ओढीला एक मोठी निळी ताडपत्री आली. चिखलाने जड झालेली. कोपऱ्यावर भट्टीचा शिक्का होता. सगळ्यांनी तो वाचला.

"वाऱ्याने उडाली असेल," भट्टीवाला म्हणाला.

"वाराच तो," रेडिओकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या ओढीला पोतं. फाटलं आणि त्यातून ओल्या केसांचे गोळे बाहेर पडले. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. सलूनवाल्याने तोंड फिरवलं.

"हेही वाऱ्याने?" शिंप्याने विचारलं.

"केस हलकेच असतात."

"पोत्यात बसून उडाले?"

तेवढ्यात तिसऱ्या ओढीला चिंध्यांची एक लांब माळ आली, कापडाच्या कात्रणांची, रंगीबेरंगी, संपता संपेना. सलूनवाल्याने ती हातावर गुंडाळत गुंडाळत शिंप्याच्या गळ्यात घातली. "घ्या टेलर, सत्कार!"

मग एक लोखंडी पलंग आला. त्याला पाच माणसं लागली. पाण्याबाहेर येऊन तो चारही पायांवर उभा राहिला, गाळ निथळत, कुणी येऊन झोपावं असा. रेडिओकाकू अचानक गप्प झाल्या. त्या इतक्या गप्प झाल्या की सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

"काकू?"

"काय काकू? जिना अरुंद आहे आमचा. खाली नेता येईना म्हणून ह्यांनी मागच्या खिडकीतून..." आणि मग त्यांनाच हसू फुटलं. "केवढा बाई तो वारा! पलंग उडवला!"

त्यानंतर जे काही निघालं ते सगळ्यांनी वाऱ्यावर घातलं. सायकलचं चाक, फुटकी मोरीची जाळी, कुणाची तरी चूल. माणसं हसत होती आणि ओढत होती. आतून प्रत्येक जण पुढच्या ओढीला आपलं काय निघतंय म्हणून धसकलेला होता. सून हसत नव्हती. तिला फक्त एकच गोष्ट दिसायची होती किंवा दिसायची नव्हती. प्रत्येक "ओढा" बरोबर ती लाल बुचं शोधायची. काठावरून सासू बघत होती. कमानीकडे नाही. सुनेकडे.

"जाळं आहे!"

आतून नवऱ्याचा आवाज. घोगरा, दगडांत घुमलेला.

रांग थिजली. भट्टीवाल्याने दोर सोडला आणि तो पाण्यात उतरला, बुटांसकट. सुनेने दोर सोडला नाही, मनगटाभोवती एक वेढा घेतला.

"ओढा," भट्टीवाला म्हणाला. "ओढा की! थांबलात का?"

ओढलं. काळं, जाड, शेवाळलेलं जाळं कमानीतून सरकत आलं. एक बाजू लांबच लांब, वर पट्टी शिवलेली. सुनेने जाळ्याचा एक डोळा धरला, बोटांमध्ये फिरवला. गाठी सगळ्या सारख्या होत्या. एकसारख्या, मेलेल्या, यंत्राच्या.

"हे आमचं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"म्हणणारच तू."

"दादा, हाताने विणलेलं नाही हे. आणि ही पट्टी बघा. मासे पकडायला पट्टी कशाला?"

शिंप्याने पट्टी धुतली. मग तो सावकाश उभा राहिला आणि त्याने गंभीरपणे बाईंकडे बघितलं.

बाईंचे कान लाल झाले होते. "ते... व्हॉलीबॉलचं असावं. शाळेचं. मैदानातून गेलं होतं."

"वाऱ्याने?" सगळी रांग एकदम म्हणाली.

*

दुपारच्या आत कमान मोकळी झाली. शेवटची फांदी निघाली तेव्हा मागे साचलेलं पाणी एकदम पुढे धावलं आणि मुलगा त्याच्याबरोबर कमानीतून पलीकडे घसरत गेला, पाठीवर, शिव्या देत. उठून उभा राहिला तेव्हा तो हसत होता. कमानीच्या आत हात फिरवून तो म्हणाला, "रिकामी. दगड लागतोय खाली."

भट्टीवाला ओल्या बुटांतून पाणी काढत बसला होता. सासू त्याच्याजवळ गेली.

"नाही निघालं."

"पुढे वाहून गेलं असेल, मावशी. सुटलं ते सुटलंच ना. बुचं माझ्याकडे आहेत."

"ठरलं काय होतं?"

"काम संपू दे सगळं. वळण राहिलंय अजून."

सासू परत दगडावर जाऊन बसली. बरोबरच होतं त्याचं. कमानीत नाही म्हणजे सुटलं नाही, असं थोडंच होतं? जाळं कुठे आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी वळणावर बायकांना लावलं. वळण म्हणजे भट्टीच्या जमिनीची टोकाची बाजू. पुरात कोसळलेली दरड तिथे आता कोरड्या ढिगासारखी पडली होती, आणि पाणी तिच्या पलीकडून वळून जात होतं. ढिगात प्लॅस्टिक अडकलेलं, पिशव्या, बाटल्या. सून खाली बसून विळ्याने टोकरत होती. उजव्या हातातला डावा मोजा तिने काढून टाकला, म्हणून तिच्या बोटांना ते लागलं.

गोल, थंड, वाटाण्याएवढं. मातीतून एक निघालं. त्याच्यापुढे चार बोटांवर दुसरं. मग तिसरं. बियाणं पेरावं तसं ओळीने. शिशाचे मणी, जाळ्याच्या खालच्या काठाचे.

तिने आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिचा हात आपोआप माती परत त्यावर लोटायला गेला, आणि तसाच थांबला.

पूल खाली होता. पाणी इथून तिकडे जातं. जाळं जर सुटलं असतं तर ते तिकडे गेलं असतं, इकडे राहिलं नसतं.

ती गुडघ्यांवर आली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. मग विळ्याने. मग ती ओरडली, नवऱ्याला हाक मारायची म्हणून, पण निघाला तो नुसता आवाज.

तो धावत आला, पहार घेऊन. त्याच्यामागे बाकीचे. काय आहे, साप आहे का, असं विचारत. त्याने मणी बघितले आणि काही न विचारता खणायला सुरुवात केली. ढेकळं मोठी होती. काही ढेकळांची एक बाजू सरळ, गुळगुळीत, फावड्याने कापलेली. विटांच्या मातीसाठी काठ आतून कापत नेला की तो असाच येतो खाली. हे भट्टीवाल्याच्याही लक्षात आलं. तो ढेकळांकडे बघत राहिला. रेडिओकाकूंच्याही आलं.

"हाही वारा—" त्यांनी सुरुवात केली.

"राहू दे गं," सासू म्हणाली. काकू बंद झाल्या. तसं पहिल्यांदाच झालं.

आधी जाळं दिसलं, मातीत चपटं दाबलेलं. वरच्या काठाची लाल बुचं एकापाठोपाठ एक, आणि शेवटच्या टोकाला तीन जागा रिकाम्या. मग दोर. दोराच्या मागे मागे गेलं की खुंट, आडवा झालेला, दरडीखाली गाडलेला, पण अख्खा.

खुंटाला दोर होता. तीन वेढे. शेपूट आत. पाण्याने फुगून, मग मातीत सुकून गाठ मुठीएवढी घट्ट झाली होती.

नवऱ्याने ती अंगठ्याने पुसली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बायकोकडे बघितलं. ती मातीत बसली होती, पाय पसरून, हात मांडीवर उताणे टाकून.

"आई," तो हळू म्हणाला, "ही तुझी गाठ नाही."

सासू खाली वाकली. वाकडी बोटं तिने गाठीवरून एकदा फिरवली, वर बघत, जणू हे सगळं बोटांनीच वाचायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सुनेची आहे. माझी असती तर सुटली असती."

कुणीतरी हसलं. शिंपी म्हणाला, "वहिनी, शिवण टिकली म्हणायची." आणि सुनेचा जीव असा काही भांड्यात पडला की तिला एकदम, लाज वाटावी इतकी, भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे तिला आत्ता कळलं.

*

भट्टीवाला बोलण्यात पक्का होता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. चहासुद्धा न पिता तो वाटेवर गेला. त्याने दोन्ही हातांत डावे मोजे घातले होते, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला मोजा पुरत नव्हता, म्हणून काटे नेमके तिथेच टोचत होते. प्रत्येक फांदीला तो स्वतःशीच "हाय" म्हणायचा. माणसं चहाचे पेले घेऊन बघायला उभी होती. मुलगा थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने पेला खाली ठेवला आणि मोडक्या खाटेचं दुसरं टोक धरलं.

"उद्या सकाळी ये," भट्टीवाला त्याच्याकडे न बघता म्हणाला. "साचे काढायचेत."

"सायकलने येऊ की चालत?"

"चालत ये की. वाट आहे."

खाट बाजूला झाली. भट्टीवाला खोलीत गेला आणि तीन बुचं घेऊन आला. शर्टाला पुसूनच त्याने ती सासूच्या ओंजळीत घातली. माफीबिफी मागितली नाही. फक्त म्हणाला, "तो काठ मी परत बांधून घेतो, मावशी. कापणार नाही तिथे."

"घे," सासू म्हणाली.

जाळं ओलं नव्हतं, पण मातीने दुप्पट जड झालेलं. नवऱ्याने आणि सुनेने ते मधे धरून उचललं. खुंट तसाच लटकत होता. गाठ कापावी लागली असती आणि कापायला कुणी विळा पुढे केला नाही. तिघं जवळच्या वाटेने निघाली. सासू पुढे, बुचं ओंजळीत धरून.

"तळ्यातली गाठ," नवरा मागून म्हणाला. "मला वाटलं होतं जाळं तुझ्या माहेरी जाईल."

"अजून जाईल. हसून बघ एकदा."

तो हसला नाही. थोड्या वेळाने, जाळ्याचा भार दुसऱ्या खांद्यावर घेत, त्याने हाक मारली. "आई."

"काय?"

"मी उगाच बोलत होतो तुला. इतके दिवस."

"बोलत होतास खरा," सासू म्हणाली. "समोर बघून चाल. काटे राहिलेत खाली."

घर आलं. सुनेच्या पाठीपर्यंत माती पोचली होती. कमरेपर्यंत नाही. तिने हात धुतले, डबा उघडला आणि उभ्यानेच खायला लागली. सासू उंबऱ्यात बसली आणि तिने तिन्ही बुचं शेजारी मांडली. सुनेच्या मनात आलं, विचारावं. गाठ सुनेची, हे आईंना कसं कळलं? गाठ न बघताच त्या म्हणाल्या होत्या. की बघून म्हणाल्या? तिने आठवून बघितलं. वर बघत होत्या त्या. तोंडात घास होता, म्हणून विचारायचं राहिलं.

*

पुराच्या आदल्या संध्याकाळी, सून घरी भांडी घासत असताना, सासू वळणावरच्या खुंटापाशी जाऊन आली होती; तिने गाठ चाचपली होती, तीन वेढे मोजले होते आणि ती तशीच राहू दिली होती.